सूक्ष्म स्वरांचे पारखी : खाँसाहेब अब्दुल करीमखाँ

थोर पुरुषांची चरित्रे आपण वाचतो ती केवळ त्यांची स्तुती करावी म्हणून नव्हे. आज आपणांस पडलेले एखादे कोडे त्यांच्या आयुष्याच्या उजेडात धरून पाहिले, तर पुष्कळदा ते सुटते. निदान गाठ कोठे बसली आहे हे तरी दिसते. यंदाच्या अंकासाठी चरित्रनायक निवडताना आमच्यापुढे असेच एक कोडे होते.

आमच्या विद्यार्थ्यांत अलीकडे एक वाद वारंवार कानी पडतो. मोबाइलवर गाणे ऐकावयाचे तर ते साध्या फाइलवर ऐकावे, की ‘हाय रेझोल्यूशन’ म्हणून जी मोठी डिजिटल फाइल मिळते तिच्यावर ऐकावे? एक पक्ष म्हणतो, मोठ्या फाइलमध्ये सूर अधिक गोड व अधिक खरे लागतात. ज्यास ते कळत नाही त्यास कानच नाहीत. दुसरा पक्ष म्हणतो, हे सारे विकणाऱ्यांचे चातुर्य आहे. या वादाचा भुर्दंड शेवटी पालकांच्या खिशास बसतो, कारण अशा फाइलींसाठी जास्तीची वर्गणी, महागडे हेडफोन आणि अधिक साठवण असलेला मोबाइल यांची मागणी घरोघर होऊ लागते. मुलांचा हट्ट पुरवावा की मोडावा, याचा निर्णय काही आधार असल्यावाचून कोणा पालकाने कसा करावा?

हा वाद नवा असला तरी त्याच्या पोटातला प्रश्न जुना आहे. सूर किती बारीक मोजावा आणि त्या मोजमापातले किती आपल्या कानास खरोखर ऐकू येते, हा तो प्रश्न. शंभर वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रातच त्याचा मोठ्या निष्ठेने खल झाला आणि त्या खटपटीच्या मध्यभागी एक गवई उभे होते. त्यांचे नाव खाँसाहेब अब्दुल करीमखाँ.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी कैराना या गावी झाला. हे गाव दिल्लीच्या उत्तरेस, आजच्या उत्तर प्रदेशात आहे. त्यांचे घराणे पिढीजात गवयांचे. पुढे याच गावाच्या नावावरून त्यांच्या गायकीस किराणा घराणे हे नाव पडले. वडील कालेखाँ व चुलते अब्दुल्लाखाँ यांच्याकडे त्यांची तालीम लहानपणीच सुरू झाली. गळ्याबरोबर हातही तयार झाला. बीन व सारंगी या वाद्यांशी त्यांचा परिचय घरातलाच होता, आणि वाद्ये दुरुस्त करणे व सुरात लावणे या कामात पुढे त्यांची मोठी ख्याती झाली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. जो मनुष्य तंबोऱ्याची जवारी स्वतः काढतो, म्हणजे घोडी घासून व तारेखाली दोऱ्याचा बारीक धागा सरकवून तारेचा झणत्कार खुलवितो, त्याच्या कानास सुराच्या पोटातले सूर ऐकण्याची सवय आपोआप जडते.

तरुणपणी ते आपले बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोद्यास आले आणि सयाजीराव गायकवाड महाराजांच्या दरबारी त्यांस आश्रय मिळाला. बडोद्यातील माने घराण्यातील ताराबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी ते संस्थान सोडले. मुंबई व तेथून मिरज असा त्यांचा प्रवास झाला. मिरज हे गाव आमच्या वाचकांस मिशनच्या जुन्या रुग्णालयामुळे ठाऊक आहेच; परंतु संगीताच्या जगात ते तंबोऱ्याचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. भोपळे निवडून, वाळवून, त्यांचे तंबोरे व सतारी करणारी घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, आणि २०२४ साली मिरजेच्या या वाद्यांस भौगोलिक मानांकनही मिळाले. सुराच्या पारख्यास याहून योग्य गाव कोणते मिळणार? तेथे असता खाँसाहेबांस प्लेगने गाठले. त्या दुखण्यातून ते उठले ते मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या कृपेने, अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हापासून दर वर्षी उरुसात ते त्या दर्ग्यात गाण्याची सेवा करीत.

१९१३ साली त्यांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढले. विद्यार्थ्यांस आपल्या घरी ठेवून घ्यावे, जेवू घालावे आणि गाणे शिकवावे, असा तो जुन्या वळणाचा प्रपंच होता. त्याचा खर्च भागविण्यासाठी खाँसाहेब तिकीट लावून जलसे करीत. दरबारातील मोजक्या मंडळींपुरते असलेले गाणे त्यामुळे साध्या संसारी माणसांच्या कानी पडू लागले. टिपू नावाच्या एका कुत्र्यास त्यांनी सुरात सूर मिळविण्यास शिकविले होते व त्यास जलशात पुढे आणले होते, ही हकीगत पुण्यात फार दिवस सांगितली जात असे. आमच्या बालवाचकांस ती गमतीची वाटेल. परंतु सुराविषयी त्यांचा उत्साह कोणत्या थराचा होता हेही तिच्यावरून कळते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. ‘शारदा’ नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचे ते बंधू. प्राचीन ग्रंथांत सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत; त्या नुसत्या कल्पना आहेत की गवयाच्या गळ्यातून खरोखर निघतात, हे मोजून पाहण्याचा ध्यास या गृहस्थांनी घेतला. त्यासाठी एकच तार ताणलेली आणि खाली मोजपट्टी असलेली सोनोमीटर नावाची पेटी ते वापरीत. गवयाने सूर लावावा, तारेखालची घोडी सरकवीत तारेचा सूर त्याच्याशी जुळवावा, आणि किती लांबीवर तो जुळला हे टिपून घ्यावे, अशी ती रीत. या कामी त्यांस असा गवई हवा होता की जो तोच सूर दहा वेळा त्याच जागी लावील. असे गवई खाँसाहेब होते. अनेक उस्ताद आपली विद्या झाकून ठेवीत असता खाँसाहेबांनी आपला गळा या परीक्षेस खुला केला, हा त्यांचा मोठेपणा होय. देवलांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला.

हे बारीक मोजमाप म्हणजे काय, हे आमच्या गावाच्या उदाहरणाने सांगतो. केडगाव म्हटले म्हणजे आपल्यापुढे नगर-पुणे रस्त्यावरचे आपले गाव येते. परंतु दौंडच्या बाजूस, पुणे जिल्ह्यात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनाने प्रसिद्ध झालेले दुसरे केडगाव आहे. नाव एक, ठिकाणे दोन. पत्त्यावर जिल्हा घातला नाही तर टपाल भलतीकडे जाण्याची भीती. सुरांचेही तसेच आहे. गंधार हे नाव एक, पण त्याच्या जागा एकाहून अधिक.

हिशेबासाठी षड्ज सेकंदास २४० कंपनांचा धरू. त्याच्याशी पाचास चार या प्रमाणात असलेला गंधार ३०० कंपनांचा होतो. हा तंबोऱ्याच्या नादात आपोआप उमटणारा, शांत गंधार. दुसरा गंधार पंचमावर पंचम असे चढत गेल्यास मिळतो. तो सुमारे ३०३.७५ कंपनांवर येतो. आणि आमच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी जी पेटी वाजते तिचा गंधार या दोहोंच्या मध्ये, सुमारे ३०२.४ वर असतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडलेले असतात. फरक तो केवढा? दोन-तीन कंपनांचा. एवढ्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. परंतु सरावलेल्या कानास या भागात एक-दोन कंपनांचा फरकही कळतो. शिवाय तंबोरा चालू असता तो लपत नाही. षड्जाच्या तारेत पाचपट कंपनांचा, म्हणजे १,२०० चा, एक बारीक उपस्वर असतो. तीनशेच्या गंधाराचा चौपट उपस्वर नेमका त्यावरच येऊन बसतो. पेटीच्या गंधाराचा मात्र १,२०९ वर पडतो. दोन जवळचे सूर असे एकमेकांस घासले म्हणजे सेकंदास नऊ-दहा वेळा नाद थरथरतो. ती थरथर म्हणजेच बेसूर. जवारी काढणाऱ्या खाँसाहेबांच्या कानास जे टोचत असे ते हेच.

अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीशही या कामात देवलांस येऊन मिळाले. त्यांनी १९१३ साली भारतीय संगीतावर ग्रंथ लिहिला. नेहमीच्या बारा सुरांहून अधिक सूर असलेली श्रुतींची पेटी या मंडळींनी तयार करविली. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा ही पेटी तेथे विद्वानांपुढे आली. तेथे जमलेल्या पंडित-गवयांत मोठा वाद झाला आणि पेटीचे सूर सर्वांस पटले नाहीत. गवई आंदोलनाने, मींडेने सूर हलवितो. त्यास बावीस खुंट्यांवर कायमचे टांगता येते काय, अशी शंका जाणत्यांनी घेतली, आणि ती शंका आजही निकाली निघालेली नाही.

आमच्या मते या प्रकरणातील खरी शिकवण पेटी मान्य झाली की अमान्य झाली यात नाही. मोजमाप नवे होते, पण निवाडा कानाकडे सोपविला गेला. पेटीवर सूर अधिक आहेत, म्हणून ती आपोआप श्रेष्ठ, असे कोणी मानून चालले नाही. ते सूर ऐकू येतात काय, गाण्यात लागतात काय, हे चारचौघांसमक्ष पारखून पाहावे, एवढे तरी दोन्ही पक्षांस मान्य होते.

आता ध्वनिमुद्रणाकडे पाहू. खाँसाहेबांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९०५ च्या सुमारास झाल्या. तेव्हा विजेचा उपयोग नव्हता. गवयाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे, त्या आवाजाच्या धक्क्याने पडदा हलावा, पडद्याची सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरावी, असा प्रकार होता. पुढे तिच्यावरून लाखेच्या तबकड्या छापल्या जात. त्या कर्ण्यात सुमारे दोनशे कंपनांपासून अडीच हजारांपर्यंतचाच नाद धरला जाई. त्याखालचा व वरचा सारा गळून पडे. तंबोऱ्याची झणक जवळजवळ नाहीशी होई. १९२५ पासून मायक्रोफोन व वीज आली आणि ही मर्यादा पाच-सहा हजार कंपनांपर्यंत वाढली. खाँसाहेबांच्या आज ऐकल्या जाणाऱ्या बहुतेक मुद्रिका या दुसऱ्या पद्धतीच्या, १९३० नंतरच्या दशकातल्या आहेत. झिंझोटी व भैरवीतील त्यांच्या ठुमऱ्या, वसंतातील ख्याल, मराठी नाट्यपदे आणि कर्नाटकी पद्धतीची एक त्यागराजांची कृतीही त्यांत आहे. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणे मावत नसे. तासभर राग फुलविणाऱ्या माणसाने तेवढ्यात काय सांगावयाचे ते सांगून टाकले.

आजच्या मापाने या तबकड्या अगदी दरिद्री ठरतील. तरी त्यांनी काय केले पाहा. गदगचा एक मुलगा दुकानात वाजणारी खाँसाहेबांची झिंझोटीची ठुमरी ऐकून इतका वेडावला की असे गाणे शिकावे म्हणून त्याने घर सोडले. तो मुलगा म्हणजे पुढे भारतरत्न झालेले पंडित भीमसेन जोशी. खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे त्यांची तालीम झाली. ती तबकडी खरखरत असेल, तिच्यात वरचे सूर नसतील; परंतु तीनशेच्या जागी तीनशेचा गंधार होता, आणि तो त्या मुलाच्या कानात शिरला. सूर आणि त्याचे पहिले काही उपस्वर त्या अरुंद दारातूनही आत येऊ शकत होते, हे त्याचे कारण.

आता आमच्या विद्यार्थ्यांच्या वादाचा विचार या उजेडात करू. डिजिटल फाइलमध्ये नादाच्या लाटेची उंची ठरावीक वेळाने मोजून आकड्यांत लिहिलेली असते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदास ४४,१०० मोजमापे आणि प्रत्येक मोजमापास ६५,५३६ पायऱ्या, असे प्रमाण ठरले. हाय रेझोल्यूशन फाइलीत सेकंदास ९६,००० किंवा १,९२,००० मोजमापे आणि १,६७,७७,२१६ पायऱ्या असतात. तीन मिनिटांचे गाणे न आवळता ठेवले तर सीडीच्या प्रमाणाने सुमारे ३२ मेगाबाइट, आणि मोठ्या प्रमाणांनी अनुक्रमे १०४ व २०७ मेगाबाइट जागा खाते. आकडे पाहून मनुष्य दिपतो. त्यास वाटते, कमी मोजमापांत मधली लाट गळून पडत असेल. तसे होत नाही. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली व क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली गणिताने दाखविले, की मोजमापांच्या निम्म्याहून कमी कंपनांचा जो नाद असेल तो त्या मोजमापांवरून पुरता परत उभा करता येतो. मधे खाच राहत नाही. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. निरोगी तरुण कान सुमारे २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो, आणि वय वाढते तशी ही मर्यादा खाली येते. फाइलीचे पैसे देणाऱ्या वडिलांस तर चौदा-पंधरा हजारांच्या वरचे बहुधा ऐकूच येत नसते! राहिल्या पायऱ्या. त्या अधिक असल्या म्हणजे अगदी हळू आवाजाखालची सळसळ कमी होते. परंतु घरातील पंखा, रस्त्यावरील गाड्या यांच्या आवाजाखाली सीडीचीच सळसळ केव्हाच बुडून गेलेली असते.

गणितावर विश्वास नसेल त्यांनी परीक्षेचा निकाल पाहावा. अमेरिकेतील बॉस्टनच्या परिसरात मायर व मोरान या दोघांनी केलेली परीक्षा २००७ साली प्रसिद्ध झाली. उच्च प्रतीचे मुद्रण आणि तेच मुद्रण सीडीच्या प्रमाणात उतरविलेले, यांतले कोणते चालू आहे हे न सांगता लोकांस ओळखावयास लावले. ५५४ वेळांत २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडविले असते तरी तेवढेच आले असते. २०१६ साली जोशुआ राइस यांनी अशा अठरा प्रयोगांची, बारा हजारांहून अधिक उत्तरांची एकत्र छाननी केली. त्यांत बरोबर उत्तरे शेकडा ५२.३ निघाली, ज्यांस आधी सराव दिला होता त्यांची शेकडा ६२ च्या आसपास. तेव्हा फरक कोणासच कधी कळत नाही, असे छातीठोकपणे म्हणणे न्यायाचे होणार नाही. सरावाने काहींस थोडासा कळत असावा. परंतु तो इतका सूक्ष्म आहे की घरी बसून आनंदासाठी गाणे ऐकणाऱ्याने त्यासाठी कर्ज काढावे असे मुळीच नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जागा वाचविण्यासाठी फार आवळलेल्या ज्या लहान फाइली असतात, त्यांत नादाचा काही भाग खरोखरच टाकून दिलेला असतो. फारच आवळली तर टाळ्या, झांजा, तंबोरा यांचा नाद चरचरतो, आणि तो दोष बहुतेकांस ऐकू येतो. तो टाळावा. तसेच ज्या संस्था जुन्या तबकड्यांचे जतन करतात त्या ९६,००० मोजमापांची फाइल घेतात, ती खरखर व ओरखडे पुढे नीट दूर करता यावेत म्हणून; तेही योग्यच आहे. परंतु खाँसाहेबांची तबकडी एवढ्या मोठ्या फाइलीत उतरविली म्हणून कर्ण्याने न धरलेली तंबोऱ्याची झणक तीत कोठून येणार? विहिरीत पाणी दोन हात असेल तर दोर शंभर हातांचा सोडून घागर अधिक भरत नाही. उलट, उतरविताना तबकडी मिनिटास ७८ ऐवजी ८० फेरे फिरली तर षड्जच अर्ध्या श्रुतीने नव्हे, चांगल्या दोन सूक्ष्म श्रुतींइतका वर चढतो. रागातील अंतरे बदलत नाहीत, परंतु गवयाचा आवाज बदलतो. तेथे हलगर्जीपणा करून फाइलीचा आकडा मोठा लिहिणे म्हणजे भिंत वाकडी बांधून रंग उंची लावण्यासारखे आहे.

मग मोठी फाइल ऐकली म्हणजे गाणे गोड लागते, असे सांगणारी मुले खोटे बोलतात काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्यासाठी जास्त पैसे मोजले ते अधिक चांगले लागावे, अशी मनाची रीतच आहे. शिवाय दोन फाइलींपैकी एक किंचित मोठ्या आवाजात वाजली, तर मोठी ती चांगली वाटते, मोठी आहे हे मात्र कळत नाही. म्हणून परीक्षा घ्यावयाची ती देवलांच्या सोनोमीटरसारखी पक्की घ्यावी. त्याच गाण्याच्या दोन फाइली एकाच मूळ मुद्रणातून केलेल्या असाव्या. आवाज सारखा लावावा. कोणती फाइल वाजवावयाची हे भावाने किंवा बहिणीने नाणे उडवून ठरवावे आणि ऐकणाऱ्यास कळू देऊ नये. असे वीस वेळा करावे. दहाच्या आसपास उत्तरे बरोबर आली तर तो निव्वळ अंदाज समजावा. पंधरा किंवा अधिक आली तर तुमच्या कानास काही तरी खरोखर कळत आहे असे मानण्यास जागा आहे, कारण केवळ दैवाने तसे घडणे शंभरात दोन वेळांच्या आसपासच. निकाल काहीही येवो, तो प्रांजळपणे सांगावा. न ऐकलेले ऐकले असे म्हणणे हे कानाचे नव्हे, जिभेचे वैगुण्य आहे.

खाँसाहेबांच्या आयुष्याचा शेवटचा भाग सांगावयाचा राहिला. ताराबाईंशी त्यांचा वियोग झाल्यानंतर ते मिरजेस स्थायिक झाले. त्यांची मुले आईजवळ वाढली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे ही त्यांतील नावे महाराष्ट्रास सुपरिचित आहेत. घराचे दुःख पोटात ठेवून खाँसाहेब गात राहिले. म्हैसूर दरबारी त्यांचा सन्मान झाला. दक्षिणेत वारंवार जाऊन त्यांनी कर्नाटक संगीताचा अभ्यास केला, आणि साठी जवळ आली तरी विद्यार्थीच राहिले. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासकडील जलसे आटोपून ते आगगाडीने पाँडिचेरीस निघाले होते. वाटेत छातीत कळ येऊ लागली, म्हणून चेंगलपट्टूजवळच्या सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घालून त्यांनी तंबोरा सुरात लावावयास सांगितला, दरबारी कानड्यात प्रार्थना म्हटली आणि तेथेच २७ ऑक्टोबर रोजी त्यांचा अंत झाला. त्यांचा देह मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात ठेवण्यात आला. त्यांच्या स्मरणार्थ तेथे दर वर्षी गवई जमून गातात.

त्या फलाटावर ना श्रोते होते, ना मुद्रणाचे यंत्र. तरी शेवटच्या घटकेसही तंबोरा सुरात लागल्यावाचून त्यांनी तोंड उघडले नाही. जो फरक कानास कळतो तो सांभाळण्यासाठी त्यांनी सारे आयुष्य वेचले. आमच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यापासून घ्यावयाचे ते एवढेच, की आकडा मोठा की लहान हे विचारण्याआधी आपला कान किती तयार आहे हे विचारावे. जास्तीच्या वर्गणीच्या पैशांतून पालकांनी मुलास गाण्याच्या वर्गास घातले किंवा घरी एक तंबोरा आणला, तर त्याच्या कानास अधिक ऐकू येऊ लागेल, आणि ही वाढ कोणत्याही यंत्राने होणारी नाही.

येत्या सुटीत आमच्या विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी कराव्या अशी आमची सूचना आहे. तंबोऱ्याच्या नादाशी गंधार लावून पाहावा आणि तोच पेटीच्या गंधाराशी ताडून पाहावा. त्यानंतर वर सांगितल्याप्रमाणे दोन फाइलींची परीक्षा घ्यावी. पहिल्या प्रयोगात कान काय सांगतो आणि दुसऱ्यात काय सांगतो, हे जसेच्या तसे लिहून आणणाऱ्यांची टिपणे पुढील अंकात घेण्यास आम्हांस आनंद वाटेल; मग ती कोणत्याही पक्षाच्या बाजूची असोत.